कीबोर्डवरचा रिव्हर्ब आणि कॉम्बिनेशन इफेक्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रावण लागला की फोन सुरू होतात. गणपतीच्या आरत्या, भजनाच्या बाऱ्या, मग जत्रांमधला दशावतार, शिमग्याला नमन. कोकणात कीबोर्ड वाजवणाऱ्याला पावसाळ्यापासून होळीपर्यंत उसंत नसते. मी मालवण-कुडाळ पट्ट्यात वाजवतो आणि मुलांना शिकवतो. मला येणारे निम्मे प्रश्न "आवाज असा का येतो?" या एकाच वळणाचे असतात, आणि त्यातले बहुतेक रिव्हर्ब आणि इफेक्टच्या बटणांपाशी येऊन थांबतात. ते विचारणाऱ्यांच्याच शब्दांत खाली एकत्र केले आहेत. प्रत्येक कंपनीच्या कीबोर्डवर बटणांची नावं थोडी वेगळी असतील, आतलं काम मात्र सारखंच असतं.

१. रिव्हर्ब म्हणजे इकोच ना? मग दोन नावं कशाला?

दोन्ही परत येणारे आवाजच, पण कानाला वेगळे लागतात. शाळेच्या मैदानात इमारतीसमोर उभं राहून जोरात टाळी वाजवा. भिंत १७ मीटरवर असेल तर आवाज जाऊन-येऊन ३४ मीटर कापतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे टाळी १०० मिलिसेकंदांनी परत येते आणि सुटी ऐकू येते. हा इको, आपला पडसाद. कीबोर्डवर त्याचं नाव बहुधा 'डिले' असतं.

आता तीच टाळी जांभ्याने बांधलेल्या विहिरीच्या काठावर वाजवा. भिंती इतक्या जवळ आहेत की शेकडो पडसाद काही मिलिसेकंदांच्या अंतराने एकमेकांवर येतात. कान त्यांना सुटं करू शकत नाही, त्याला आवाजामागे लांबत गेलेली एक शेपटी ऐकू येते. ती शेपटी म्हणजे रिव्हर्ब. मूळ आवाज ६० डेसिबलने खाली यायला जितका वेळ लागतो, त्याला त्या जागेचा रिव्हर्ब टाइम म्हणतात.

२. रूम, हॉल, स्टेज, प्लेट अशी नावं दिसतात. कोणतं म्हणजे काय?

ही जागांची नावं आहेत. 'रूम' म्हणजे लहान खोली, शेपटी अर्ध्या सेकंदाच्या आसपास. 'हॉल' म्हणजे मोठं सभागृह, दीड ते अडीच सेकंद. 'स्टेज' बहुतेक कीबोर्डांवर या दोघांच्या मधला असतो. 'चर्च' किंवा 'कॅथेड्रल' असेल तर शेपटी आणखी लांब.

'प्लेट' ही मात्र जागा नाही. १९५७ मध्ये ईएमटी या जर्मन कंपनीने १४० नावाचं यंत्र काढलं. मोठ्या चौकटीत पोलादाचा पातळ पत्रा ताणून बसवलेला, त्याला आवाजाने थरथरवायचं आणि ती थरथर परत टिपायची. तो आवाज लगेच दाट होतो आणि चकचकीत लागतो. तुमच्या कीबोर्डमधला 'प्लेट' ही त्या पत्र्याची आकडेमोडीने केलेली नक्कल आहे. गाणारा आवाज, बेंजो, सनई यांना तो शोभतो.

३. शून्य ते १२७ आकडे आहेत. नेमका किती ठेवू, एकदा सांगून टाका.

चाळीस. बऱ्याच कीबोर्डांवर मशीन सुरू केल्यावर टोनच्या, म्हणजे निवडलेल्या वाद्याच्या आवाजाच्या, रिव्हर्बचा आकडा याच्या आसपास असतो. मिडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांची आपसातली सामाईक भाषा; तिच्या जनरल मिडी २ या ठरावातही सुरुवातीचं मूल्य ४०च आहे. पण हा आकडा घराबाहेर उपयोगाचा नाही, त्याचं कारण पुढच्या प्रश्नात.

आकड्यापेक्षा पद्धत शिका. रिव्हर्ब शून्यावर न्या. हाताला सवयीची एक ओळ वाजवत राहा आणि दुसऱ्या कुणाला हळूहळू आकडा वाढवायला सांगा. "आता रिव्हर्ब ऐकू आला" असं वाटलं की थांबा, आणि तिथून पाचसहा आकडे मागे या. रिव्हर्ब वेगळा ऐकू येऊ नये, पण काढला तर चुकल्यासारखं व्हावं, इतकाच हवा. माझ्या विद्यार्थ्यांकडून मी पहिल्या महिन्यात हेच करून घेतो.

४. घरी आवाज एकदम छान येतो. समाजमंदिराच्या हॉलमध्ये नेला की सगळं गढूळ. कीबोर्ड बिघडलाय का?

कीबोर्ड ठीक आहे. तुम्ही हॉलमध्ये हॉल लावलात.

कोकणातलं जुनं घर आठवा. जांभ्याच्या जाड खडबडीत भिंती, शेणाने सारवलेली जमीन, वर वाशांवर कौलं, कौलांमधून फटी. माजघरात भांडी, कणग्या, दोरीवर कपडे. अशा घरात आवाज टिकत नाही, थोडा शोषला जातो, थोडा कौलांतून निघून जातो. तिथे कीबोर्डचा 'हॉल' गोड लागतो, कारण खोलीचा स्वतःचा घुमारा नसतो. समाजमंदिराचा हॉल म्हणजे वर स्लॅब, खाली टाइल्स, चारही बाजूंना प्लास्टर आणि पडदा एकही नाही. तिथे जागाच दोन-तीन सेकंद घुमते. त्यावर तुमचे दोन सेकंद चढवले की एका सुराची शेपटी पुढच्या चार सुरांवर पडते.

याचा हिशेब मांडता येतो. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातली एक व्याख्यानाची खोली इतकी घुमायची की शिकवलेलं कळत नसे. १८९५ मध्ये वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाला ती सुधारायला सांगितलं. बोललेला शब्द तिथे साडेपाच सेकंद रेंगाळत होता. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून तो एकेक वाढवत गेला आणि दर वेळी घुमारा किती कमी होतो ते मोजत गेला. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा आणि खोली एकूण किती आवाज शोषते त्याने भागा.

आपला हॉल धरा १० मीटर लांब, ८ रुंद, ४ उंच. घनफळ ३२०, गुणाकार सुमारे ५१.५. भिंती, छत, जमीन मिळून ३०४ चौरस मीटर. टाइल्स आणि प्लास्टर अंदाजे पाच टक्के आवाज शोषतात असं धरलं तर शोषण १५. ५१.५ भागिले १५, म्हणजे जवळजवळ साडेतीन सेकंद. हा रिकामा हॉल. आता ८० माणसं बसवा. कपड्यांसकट एक माणूस साधारण ०.४५ चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज गिळतो, म्हणजे शोषणात सुमारे ३६ ची भर. ५१.५ भागिले ५१, म्हणजे एक सेकंद.

म्हणून दुपारी रिकाम्या हॉलमध्ये जुळवलेलं सेटिंग रात्री खोटं ठरतं. दुपारी रिव्हर्ब काढून टाकावासा वाटतो, रात्री तोच आवाज कोरडा लागतो. मी दुपारी फक्त जोडणी तपासतो आणि रिव्हर्ब पहिल्या अभंगानंतर ठरवतो. बंद स्लॅबच्या हॉलमध्ये 'रूम' आणि १५ ते २० यापलीकडे मला क्वचितच जावं लागलं आहे.

पाऊस पडत असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळा. पत्र्यावर सर कोसळत असते तेव्हा रिव्हर्बची शेपटी त्या आवाजात बुडते, ऐकू येत नाही, आणि हात आपोआप नॉबकडे जातो. सर ओसरली की वाढवलेला रिव्हर्ब उघडा पडतो. पावसात नॉबला हात लावू नका.

५. आणि उघड्यावर? दशावतार, नमन, खळ्यातलं भजन?

तिथे उलटं. मोकळ्या माळावर परत येणारं काही नसतं, त्यामुळे आवाज स्पीकरमधून निघतो आणि संपतो. 'हॉल' लावा, ५०-५५ पर्यंत जायला हरकत नाही.

दोन अडचणी येतात. आवाज कर्ण्यांतून जाणार असेल तर खर्ज जवळजवळ जातच नाही आणि मधली पट्टी तेवढी टोचते. रिव्हर्बची शेपटीही त्याच पट्टीत येते आणि कर्कश होते. कर्णे असतील तर आकडा निम्मा करा. दुसरी अडचण मोठ्या मैदानाची. मागच्या लोकांसाठी दूरवर वेगळे कर्णे लावलेले असतात, आणि तिथे बसलेल्यांना जवळच्या कर्ण्यातला आवाज आधी, रंगमंचाकडचा नंतर ऐकू येतो. तो पडसाद कीबोर्डच्या कुठल्याही बटणाने जात नाही.

६. सस्टेन दाबलं तरी आवाज लांबतो, रिव्हर्बनेही लांबतो. मग फरक काय?

सस्टेन सूर लांबवतं, रिव्हर्ब जागा लांबवतो. 'सा' दाबून लगेच सोडा. सस्टेनमध्ये तो 'सा' जवळच, त्याच जागी हळूहळू विरतो. रिव्हर्बमध्ये तो दूर गेल्यासारखा वाटतो. आवाज गढूळ झाला की आधी पाय पेडलवरून काढा, मग रिव्हर्बकडे बघा. दहापैकी सहा वेळा दोष पेडलचा निघतो.

७. कोरस लावला की टोन भरीव होतो, पण बुवा म्हणतात सूर हलतो. कोण बरोबर?

दोघेही. कोरसमध्ये मूळ आवाजाची एक किंवा अधिक प्रत, साधारण १५ ते ३० मिलिसेकंद मागे ठेवून, तो उशीर सतत थोडा कमीजास्त केला जातो. उशीर बदलला की सूर किंचित चढतो, उतरतो. म्हणून दहा व्हायोलिनं वाजल्यासारखं वाटतं. दहा माणसं कधीच तंतोतंत एका सुरात नसतात, तोच भास.

पण बुवांच्या पुढ्यात खरी पेटी आहे. तिचा सूर ठाम उभा असतो. त्याच्या शेजारी तुमचा सूर दोन हर्ट्झने इकडेतिकडे झाला तरी सेकंदाला दोन लाटा ऐकू येतात, आणि गाणाऱ्याच्या कानाखालून आधार निघून जातो. पेटीबरोबर वाजवताना पेटीसारख्या किंवा ऑर्गनसारख्या टोनवर कोरस बंद ठेवा. स्ट्रिंग्ज मागे हलक्या धरायच्या असतील तर चालतो. आणि तरीही लाटा येत असतील तर कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग पेटीला जुळवा, कारण पेटी जुळवता येत नाही, कीबोर्ड येतो.

८. डीएसपीच्या यादीत 'कोरस-डिले', 'ओव्हरड्राइव्ह-कोरस' अशी जोडनावं आहेत. हे कॉम्बिनेशन काय प्रकरण आहे?

दोन इफेक्ट एका घरात बसवलेत. लहान आणि मध्यम कीबोर्डांमध्ये टोनवर थेट बसणाऱ्या इफेक्टसाठी, म्हणजेच डीएसपीसाठी, जागा बहुधा एकच असते. कोरस निवडला की डिलेला जागा उरत नाही. म्हणून नेहमी लागणाऱ्या जोड्या कंपनीच तयार करून देते.

रोलँडच्या मशीनवर नावात दोघांमध्ये बाण असेल तर आवाज पहिल्यातून दुसऱ्यात जातो. तिरकी रेघ असेल तर आवाज दोन वाटांनी जातो, एका वाटेवर कोरस, दुसरीवर डिले, आणि शेवटी दोन्ही एकत्र येतात. इतर मशीनवर अशी खूण नसेल तर कानाने ओळखा. डिलेने परत येणारे सूर कोरससारखेच हलत असतील तर ते एकामागून एक जोडलेले आहेत. परत येणारे सूर स्थिर असतील तर वाटा वेगळ्या आहेत.

जोड-इफेक्टमध्ये प्रत्येक भागाचे आकडे वेगळे बदलता येतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. डीएसपी एडिटमध्ये जा. मुळातलं सेटिंग दुकानात ऐकताना उठून दिसावं म्हणून बहुधा भडक असतं. मी आधी डिलेचा परतावा, म्हणजे फीडबॅक, निम्मा करतो, मग कोरसची डेप्थ, म्हणजे सूर किती हलतो ते, कमी करतो, आणि मगच टोन ऐकतो.

९. दोन इफेक्टचा क्रम बदलल्याने खरंच फरक पडतो?

पडतो, आणि कुठे पडतो ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. गिटारच्या टोनवर आधी ओव्हरड्राइव्ह आणि मग रिव्हर्ब असेल तर फाटलेला आवाज एका खोलीत वाजतोय असं ऐकू येतं. उलट केलं तर खोलीचा घुमाराच फाटतो, शेपटीतले सगळे सूर एकमेकांत चिरडतात आणि नुसता खरखराट उरतो. कोरस आणि डिले यांच्यात मात्र क्रमाने फारसं बिघडत नाही.

कीबोर्डवर मुख्य रिव्हर्ब नेहमी शेवटी असतो, तो क्रम तुमच्या हातात नसतो, आणि ते बरंच आहे.

१०. डिले किती मिलिसेकंद ठेवू म्हणजे तालात बसेल?

साठ हजाराला टेम्पोने भागा. टेम्पो १२० असेल तर एका मात्रेला ५०० मिलिसेकंद, अर्ध्या मात्रेला २५०, पाऊण मात्रेला ३७५. टेम्पो ८० असेल तर एक मात्रा ७५० ची.

हे गणित स्टाईलबरोबर, म्हणजे कीबोर्डच्या तयार साथीबरोबर, वाजवताना चोख चालतं. भजनात चालत नाही, आणि याचा फटका मी पुष्कळ जणांना बसलेला पाहिला आहे. आपला गजर एका लयीत राहत नाही. पखवाज लय चढवत नेतो, ८० ला सुरू झालेला गजर १३० च्या पुढे जातो. तुमचा डिले मात्र ७५० वरच बसलेला असतो. दुसऱ्या मिनिटाला तुमचे परत येणारे सूर टाळांच्या मध्येच पडायला लागतात आणि टाळकरी तुमच्याकडे बघायला लागतात. माणूस ताल धरत असेल तर डिले ८०-१०० मिलिसेकंदांवर ठेवा, फीडबॅक जवळजवळ शून्य. इतका आखूड डिले तालाशी भांडत नाही, सूर फक्त जरा रुंद होतो. डिलेला टॅपचं, म्हणजे थापटून वेग द्यायचं, बटण असेल तरी गजरात त्याचा उपयोग नाही, कारण दोन्ही हात पट्ट्यांवर हवेत.

११. कोणत्या टोनला काय लावू? यादी द्याल का?

माझ्या हाताची सवय सांगतो. पेटीचा टोन कोरडा, 'रूम' दहा-पंधरा, कारण खरी पेटी आपण हातभर अंतरावरून ऐकत आलो आहोत. लांबून घुमत येणारी पेटी कानाला खोटी वाटते. बासरीला सगळ्यात जास्त सोसतं, 'हॉल' पन्नासपर्यंत आणि जोडीला हलका डिले. सनईला 'प्लेट', पण थोडा, तिचा आवाज मुळातच भेदक असतो. बेंजोला 'प्लेट' आणि आखूड डिलेची जोडी. पियानोला 'हॉल', पेडल वापरणार असाल तर पाच आकडे कमी. स्ट्रिंग्जच्या टोनमध्ये बहुधा आधीच अनेक वाद्यांचा भरणा असतो, वेगळा कोरस नको.

ऑर्गनला 'रोटरी' लावून पाहा. डॉन लेस्लीने १९४० च्या सुमारास गोल फिरणारा कर्णा बसवलेला स्पीकर केला, त्याची ही नक्कल. त्यात हळू आणि जलद असे दोन वेग असतात. चर्चमधल्या क्वायरसाठी वाजवणाऱ्यांनी हळू वेगच ठेवावा. आणि दगडी चर्च असेल तर कीबोर्डचा रिव्हर्ब पूर्ण बंद, तिथल्या उंच छताखाली लागेल तेवढा घुमारा आहे.

खर्जातला कुठलाही टोन, बेस असो वा डाव्या हाताचे पॅड (मागे भरून राहणारे लांब सूर), रिव्हर्बशिवाय.

१२. बासरीचा रिव्हर्ब बदलला तर तालाचाही बदलला. असं का?

कारण रिव्हर्बचा प्रकार संपूर्ण कीबोर्डला एकच असतो. एकच मोठी खोली आहे आणि सगळी वाद्यं तिच्यात बसली आहेत असं समजा. 'हॉल' बदलून 'रूम' केलात की सगळ्यांची खोली बदलते. प्रत्येक वाद्य खोलीत किती आत बसलं आहे, म्हणजे त्याचा आवाज किती प्रमाणात रिव्हर्बकडे पाठवायचा, ते मात्र वेगळं ठरवता येतं. मिडीत हा कंट्रोल क्रमांक ९१, आणि कोरसचा ९३. मुख्य, ड्युअल (त्याच्यावर चढवलेला दुसरा) आणि स्प्लिट (डाव्या हाताचा वेगळा) टोनसाठी फंक्शनच्या यादीत वेगळे आकडे सापडतील. तालाचा आकडा लहान मशीनवर बऱ्याचदा मिळतच नाही. म्हणून प्रकार ताल ऐकून ठरवा, आणि बासरीचं प्रमाण नंतर वाढवा.

१३. स्टाईल बदलली किंवा लाईट गेली की माझं सेटिंग जातं. काय करू?

पुष्कळ कीबोर्ड स्टाईल किंवा गाणं निवडलं की त्याला साजेसा रिव्हर्ब स्वतःच लावतात. लाईट गेली आणि परत आली की तर कारखान्यातलं सेटिंग. काही वर्षांपूर्वी एका बारीत, अभंग अगदी रंगात असताना लाईट गेली. जनरेटर चालू झाला, बुवांनी सूर सोडला नव्हता, मी घाईत पट्टीवर हात ठेवला आणि त्या लहानशा बंद हॉलमध्ये माझी पेटी प्रचंड घुमारा घेऊन उमटली. कोरड्या खऱ्या पेटीशेजारी ती परकी वाटली. बुवा गात राहिले, पण त्यांनी एकदा मान वळवून पाहिलं, ते मला अजून आठवतं.

तेव्हापासून रजिस्ट्रेशन मेमरीचं, म्हणजे जुळवलेली सेटिंग्ज साठवणाऱ्या बटणांतलं, पहिलं बटण माझ्याकडे एकाच कामासाठी राखलेलं आहे. पेटीचा टोन, रिव्हर्ब 'रूम' १२, कोरस बंद, डीएसपी बंद. लाईट आली की पहिलं बोट तिथे. कीबोर्ड बॅटरीवर चालणारा असेल तर सेलही घालून ठेवा; काही मशीन अडॅप्टर बंद पडला तरी चालू राहतात.

१४. साऊंडवाल्याच्या मिक्सरवरही इको असतो. दोन्हीकडे ठेवू का?

नाही. गाण्याच्या माईकला त्याने इको दिलेला असतो, आणि बऱ्याच वेळा तोच कीबोर्डच्या वाटेलाही लागलेला असतो. मग तुमच्या शेपटीला त्याची शेपटी लागते. कार्यक्रमाआधी त्याच्याकडे जाऊन सांगा, "दादा, माझ्या चॅनलचा इफेक्ट शून्य करा, मी माझ्याकडून देतो." त्याला ते नको असेल तर उलटं करा, तुमचा बंद आणि त्याचा चालू. सगळ्यांना एकच घुमारा मिळाला की गाणं आणि वाद्य एका जागेत बसल्यासारखी वाटतात, त्यामुळे साऊंडवाला जाणता असेल तर मला हा दुसरा पर्याय जास्त आवडतो.

१५. हेडफोनवर कोरस भरदार, पण स्पीकरवर आवाज पोकळ आणि बारीक. कशामुळे?

तुमचा आवाज एकाच वायरने जातोय. कोरस आणि इतर पसरणारे इफेक्ट डाव्या-उजव्या बाजूला थोडे वेगळे आवाज पाठवतात. हेडफोनमध्ये ते दोन कानांत वेगळे पोचतात. मिक्सरवर दोन्ही बाजू एकत्र मिसळल्या की काही लाटा एकमेकींना कापतात आणि टोनचा गाभाच जातो.

मागे दोन जॅक असतील आणि एकावर 'एल' बरोबर 'मोनो' लिहिलेलं असेल तर फक्त त्यातच वायर घाला. हेडफोनच्या जॅकमधून वायर काढत असाल तर साधी मोनो पिन घालू नका, उजवी बाजू शॉर्ट होते. त्यासाठी स्टिरिओ पिनची योग्य वायर मिळते. आणि मोनोवर वाजवायचं असेल तर जुळवतानाच मोनोवर ऐका.

१६. रिव्हर्ब वाढवल्याने सूर मध्येच तुटतात का?

नाही. रिव्हर्ब पॉलिफनी, म्हणजे मशीन एका वेळी वाजवू शकेल तितक्या सुरांची संख्या, खात नाही. ती खातात ड्युअल टोन, स्टाईलचे सगळे भाग आणि दाबून धरलेलं पेडल. ३२ किंवा ४८ आवाजांच्या मशीनवर हे तिन्ही एकत्र आले की जुने सूर तुटतात. ड्युअल बंद करून बघा.

१७. मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं ऐकताना रिव्हर्ब खूपच जास्त वाटतो.

मोबाईल खोलीत ठेवला असेल तर कीबोर्डचा रिव्हर्ब आणि खोलीचा घुमारा दोन्ही टिपले जातात (प्रश्न ४). समोर बसून ऐकताना आपला कान खोलीकडे दुर्लक्ष करतो, माईक करत नाही. शक्य तर वायरने रेकॉर्ड करा, आणि रिव्हर्ब अगदी कमी ठेवा. कोरड्या रेकॉर्डिंगवर रिव्हर्ब नंतर घालता येतो, घातलेला काढता येत नाही.

१८. नॉब फिरवला की रिव्हर्ब उड्या मारतो. वीसवरून एकदम नव्वद.

आपल्या खारट, दमट हवेचं हे काम आहे. नॉबच्या आत घासणारी पट्टी असते, तिच्यावर थर चढतो. मशीन बंद करून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा, बऱ्याचदा तेवढ्याने सुटतं. नाही सुटलं तर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा लागतो, तो जाणकाराकडून. खोबरेल तेल सोडू नका. मी उघडलेल्या एका मशीनमध्ये तेलावर धूळ बसून चिखल झाला होता. समुद्रापासून जवळ राहत असाल तर वाजवून झाल्यावर कापडी कव्हर घाला आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

१९. डाव्या हाताला पॅड, उजव्याला गिटार ठेवलं. गिटारला डीएसपी लावला तर पॅडचा इफेक्ट गेला.

प्रश्न ८ मधलं एकच घर आठवा. जे टोन डीएसपीवर अवलंबून आहेत त्यातला एकच एका वेळी त्या घरात राहतो, दुसरा उघड्यावर येतो. उपाय असा की दुसऱ्यासाठी डीएसपी न लागणारा टोन शोधायचा. पॅडच्या दहा टोनमध्ये दोन-तीन तरी असे असतात जे नुसत्या मुख्य रिव्हर्ब-कोरसवर उभे राहतात. ते आधीच वहीत लिहून ठेवा.

२०. रिव्हर्ब, कोरस, डीएसपी सगळं बंद केलं तरी हा टोन घुमतोच. बटण खराब आहे का?

नाही. काही टोन मुळात घुमाऱ्यासकट रेकॉर्ड केलेले असतात. क्वायर, मोठी स्ट्रिंग्ज, काही ढोल-ताशांचे आवाज. तो घुमारा सुराच्याच पोटात आहे, बटणाने निघत नाही. कधी घुमारा नसतोच, टोनचा रिलीज लांब असतो, बोट उचलल्यावरही सूर विरायला वेळ घेतो. टोन एडिटमध्ये रिलीज कमी करून बघा. त्याने कमी झालं तर ते रिलीज होतं, नाही झालं तर रेकॉर्डिंगमधलंच आहे.

तानपुऱ्याचा टोन हे याच जातीचं वेगळं उदाहरण. तो अखंड चालू असतो, त्यामुळे रिव्हर्बची शेपटी कधी संपतच नाही, ती सतत मागे भरून राहते आणि गाणाऱ्याभोवती धुकं उभं राहतं. तानपुऱ्याचं रिव्हर्बचं प्रमाण शून्य ठेवा, बुवांना तारा जवळ ऐकू येऊ द्या.

२१. मिडी फाईल लावली की माझे सगळे रिव्हर्बचे आकडे बदलतात. शून्य केलं तरी पुन्हा वाढतो.

फाईल बनवणाऱ्याने प्रत्येक चॅनलवर ९१ क्रमांकाची आज्ञा लिहिलेली असते (प्रश्न १२). फाईल त्या जागी पोचली की आकडा पुन्हा त्याच्या मर्जीचा होतो. तुम्ही थांबवून शून्य केलात तरी पहिल्यापासून वाजवलं की पुन्हा तेच. दोन मार्ग आहेत. कॉम्प्युटरवर फाईल उघडून सगळ्या चॅनलमधल्या ९१ आणि ९३ च्या ओळी काढायच्या आणि सुरुवातीला आपला एकच आकडा घालायचा. किंवा कीबोर्डवर रिव्हर्बचा प्रकारच बंद, म्हणजे 'ऑफ', करायचा. मग चॅनल कितीही आवाज पाठवो, पलीकडे खोलीच नसते. फाईलने प्रकारही बदलला तर मात्र दुसरा मार्ग टिकत नाही, तेव्हा पहिलाच घ्या. एका फाईलला पंधरा मिनिटं लागतात, आणि गणपतीच्या आधी आपल्या नेहमीच्या फाईली तेवढ्या करून ठेवता येतात.